डाऊनीचं सॅम्पल पीडीएवर वाढतच नाहीये, काय चुकतंय?

पंचवटी_मायक्रो:

नमस्कार. मी नाशिकमध्येच एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट द्राक्षावरच्या डाऊनीवर घेतलाय, म्हणजे केवडा, शेतकरी डावणी म्हणतात तो रोग, प्लाझमोपारा व्हिटिकोला. विषय मी स्वतः मागून घेतला कारण मामाची बाग दिंडोरीकडे आहे आणि लहानपणापासून बघतेय की ऑक्टोबर छाटणी झाली की त्या घरात दुसरं बोलणंच नसतं, ढग आले का, दव किती पडलं, डावणी कुठे दिसली का. मामा म्हणतो आधी जे औषध एका फवारणीत काम करायचं ते आता तीनदा मारलं तरी फरक पडत नाही. तर मला हेच बघायचंय की आपल्या भागातली डाऊनी अझोक्सिस्ट्रोबीन या औषधाला खरंच दाद देईनाशी झालीय का, की फवारणीच नीट बसत नाही.

पण त्यासाठी आधी डाऊनी लॅबमध्ये वाढायला तर हवी ना. ऑगस्टपासून तेच चाललंय. पान आणते, तेलकट डागाच्या कडेचा तुकडा कापते, हायपोक्लोराइटमध्ये बुडवून तीनदा धुते, पीडीएवर (बुरशी वाढवायचं बटाट्याच्या अर्काचं आगर) ठेवते. दोन-तीन दिवसांत प्लेट भरून जाते पण जे येतं ते काळं नाहीतर हिरवं. स्लाइड केली की कधी अल्टरनेरिया, कधी क्लॅडोस्पोरियम, बऱ्याचदा पेनिसिलियम. अँटिबायोटिक घालून बघितलं, 18, 22, 25 अशी तीन तापमानं बघितली, आगर बदलून बघितलं. चाळीसच्या वर प्लेटा ऑटोक्लेव्ह करून टाकून दिल्या आणि डाऊनी एकातही नाही.

सकाळी दहाच्या एसटीने निघते, प्लॉटवर पोचेपर्यंत साडेअकरा होतात, पानं पॉलिथिनच्या पिशवीत भरते, लॅबमध्ये परत यायला चार वाजतात मग काम दुसऱ्या दिवशीच होतं. प्लॉटवर पानाखाली पांढरीशुभ्र दिसणारी बुरशी लॅबमध्ये पिशवी उघडली की तपकिरी होऊन चिकटलेली असते.

आणि अजून एक. मामाची एकच बाग धरून चालणार नाही म्हणून आजूबाजूला विचारलं तर दोन शेतकऱ्यांनी आत येऊच दिलं नाही. एका काकांनी विचारलं, मागच्या वर्षी पण दोन पोरं पानं घेऊन गेली होती, त्याचं पुढे काय झालं? मला काहीच सांगता आलं नाही, आणि ते खरंच मनाला लागलं.

गाईड सर मनापासून मदत करतात पण त्यांचं सगळं काम बॅक्टेरियावर आहे. ते म्हणाले विषय बदलायचा तर आत्ताच बदल, फेब्रुवारीत सबमिशन आहे. मला बदलायचा नाहीये. कोणी यावर काम केलंय का?

पानाची_खालची_बाजू:

अगं विषय अजिबात बदलू नकोस. तुझ्या हाताचा काही दोष नाही. डाऊनी पीडीएवर वाढत नाही, कुठल्याच आगरवर वाढत नाही, तू चारशे प्लेटा केल्या असत्यास तरी आली नसती. ती फक्त जिवंत पेशीतून खाते. पेशीच्या आत हॉस्टोरियम घालते आणि तिथून शोषते, पेशी मेली की तिचं पण संपलं. तू कापलेला तुकडा प्लेटवर मरायला लागतो आणि मेलेल्या पानावर जगणारे अल्टरनेरिया, क्लॅडोस्पोरियम वाटच बघत असतात. भुरीचं पण असंच आहे, तीही जिवंत पानाशिवाय येत नाही. डाऊनी तर खरी बुरशीसुद्धा नाही, ऊमायसीट आहे, पेशीभित्तिका सेल्युलोजची, नातं जवळचं म्हणायचं तर समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी. म्हणून बुरशीचं पुस्तक उघडून तिच्यावर काम करायला गेलं की अडतं. मी पीएचडीचं पहिलं अख्खं वर्ष यातच घालवलंय त्यामुळे तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही.

तर तुझी प्लेट म्हणजे जिवंत पान. पण ते बागेतलं चालणार नाही, कारण बागेतल्या पानावर आणि पानाच्या आत औषध असतंच, मग डाऊनी औषधाने मेली की तुझ्या हाताने ते कळणार नाही. ज्या वेलीवर वर्षभरात काहीच फवारलेलं नाही अशी शोध, कोणाच्या अंगणातली, गच्चीवरची हौसेची वेल. शेंड्याकडून तिसरं ते पाचवं पान घे. फार कोवळं काळं पडतं आणि जून पानावर लागण नीट होत नाही. धुऊन घे, कॉर्क बोररने दीड-दोन सेंटिमीटरच्या डिस्क काढ आणि एक टक्का वॉटर आगरवर उलट्या ठेव, म्हणजे खालची बाजू वर. हे उलटं ठेवणं महत्त्वाचं आहे. द्राक्षाच्या पानाची पर्णरंध्रं खालच्या बाजूला असतात आणि डाऊनीचे झूस्पोर, म्हणजे पाण्यात पोहणारे बीजाणू, तिथूनच आत शिरतात. वरच्या बाजूला कितीही थेंब टाकलेस तरी काही होणार नाही.

आता सॅम्पलचं. स्पोरँजिया, म्हणजे झूस्पोरच्या पिशव्या, रात्रीच्या अंधारात, हवा पूर्ण ओली असली की तयार होतात आणि ऊन लागलं की काही तासांत मरतात. तू साडेअकराला पोचतेस तेव्हा दिसतं पांढरं पण त्यातलं जिवंत किती उरलंय कोण जाणे. त्यामुळे पहाटे जा, दव असताना. आणि खरं तर तिथे दिसणाऱ्या पांढऱ्यावर विसंबूच नकोस. तेलकट डाग असलेलं पान आण, जुनी बुरशी मऊ ब्रशने पाण्याखाली धुऊन काढ, आणि ते पान ओल्या टिपकागदावर खालची बाजू वर करून बंद डब्यात रात्रभर पूर्ण अंधारात 20 अंशांच्या आसपास ठेव. डाग जिवंत असेल तर सकाळी नवीन पीक आलेलं असतं, एका रात्रीचं, एका वयाचं. ते ब्रशने थंड डिस्टिल्ड वॉटरमध्ये उतरव, हिमोसायटोमीटरवर (चौकोन आखलेली मोजणीची काच) मोज (मधल्या 25 चौकोनांतला आकडा गुणिले 10,000 म्हणजे एका मिलिलिटरमधला), मिलिलिटरला 50,000 च्या आसपास आण आणि प्रत्येक डिस्कवर 20 मायक्रोलिटरचा थेंब टाक. दुसऱ्या दिवशी थेंब टिपून घे नाहीतर डिस्क सडते. 20 ते 22 अंश, 12 तास उजेड 12 तास अंधार. साधारण पाच ते सात दिवसांत पांढरं दिसायला हवं.

थोडं सस्पेन्शन, म्हणजे ते स्पोरँजियाचं पाणी, वेगळं ठेव आणि तास-दोन तासांनी स्लाइड बघ. लिंबाच्या आकाराच्या स्पोरँजियामध्ये आधी हालचाल दिसते, मग टोकाकडून झूस्पोर एकामागून एक बाहेर पडतात आणि पोहायला लागतात, दोन शेपट्या असतात पण साध्या मायक्रोस्कोपला त्या दिसत नाहीत फक्त पोहणं दिसतं. ते पोहत नसतील तर त्या दिवशी डिस्कवर काहीच टाकू नकोस, सस्पेन्शन मेलेलं आहे. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझे चार महिने वाचले असते.

अझोक्सिस्ट्रोबीनसाठी डिस्कवर औषध आदल्या दिवशी फवारून वाळू दे आणि दुसऱ्या दिवशी थेंब. 0, 0.1, 1, 10, 100 मिग्रॅ प्रति लिटर अशी रांग लाव. शून्यवाल्या डिस्कवर डाऊनी आली नाही तर बाकी सगळ्या डिस्क फेकून द्यायच्या, त्यातून काहीही निष्कर्ष काढायचा नाही.

जीन_आणि_जेल:

एवढं सगळं कशाला करायचं, फेब्रुवारीत सबमिशन आहे तर सरळ पीसीआर करा. अझोक्सिस्ट्रोबीन ज्यात येतं ते स्ट्रोबिल्युरिन गटाचं औषध मायटोकाँड्रियाच्या सायटोक्रोम बी वर काम करतं, त्यात 143 व्या जागी ग्लायसिनच्या ऐवजी अलॅनिन आलं की औषध तिथे बसतच नाही. या बदलाला जी143ए म्हणतात आणि भारतातल्या द्राक्षातल्या डाऊनीतही तो सापडलेला आहे. डागातून डीएनए काढा, तेवढा तुकडा सिक्वेन्सला पाठवा, आठवड्यात उत्तर. सॅम्पल मेलेलं असलं तरी चालतं.

पानाची_खालची_बाजू:

पीसीआर जरूर करावं पण त्याच्या जागी डिस्क सोडू नये असं माझं ठाम मत आहे. एका डागात बदललेली आणि न बदललेली दोन्ही असू शकतात, सिक्वेन्समध्ये कमी प्रमाणातली दिसत नाही. आणि शेतकऱ्याला 143 व्या जागेचं सांगून उपयोग काय? त्याला दाखवायचं असेल तर औषध मारलेल्या पानावर पांढरी वाढ दाखवायची, ते त्याला एका नजरेत कळतं. दोन्ही जमलं तर सोन्याहून पिवळं. आणि एका प्लॉटची पानं दुसऱ्या प्लॉटमध्ये मिसळू नकोस गं, प्रत्येक प्लॉटचा डबा वेगळा, ब्रश वेगळा.

बागाईतदार_पिंपळगाव:

नमस्कार ताई. मी पिंपळगाव बसवंतच्या बाजूचा, चार एकर बाग आहे, थॉमसन आणि सुधाकर. लॅबचं आपल्याला कळत नाही पण बागेत का येऊ देत नाहीत ते सांगतो, राग मानू नका.

डावणी काय करते हे आम्ही बघितलंय. 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस झाला तेव्हा आमच्या बागा फुलोऱ्याच्या आसपास होत्या. पाऊस थांबून चार-पाच दिवस झाले आणि सकाळी मांडवाखाली गेलो तर घड पांढरे, पीठ भुरभुरल्यासारखे, बोट लावलं की मणी देठासकट हातात यायचे. दोन दिवसांत तपकिरी होऊन वाळले. वडील तिथेच खाली बसले, मी तेव्हा कॉलेजला होतो, ते चित्र अजून डोळ्यासमोर आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी 2010 ला सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले आणि लोकांचे पैसे बुडाले. तेव्हापासून बागेत अनोळखी माणूस आला आणि पानं पिशवीत भरायला लागला की आमच्या पोटात गोळा येतो, हा काय तपासणार आणि कुठे सांगणार.

दुसरं म्हणजे तुमचे बूट. एका प्लॉटमधून दव लागलेल्या कपड्यांनी तुम्ही दुसऱ्या प्लॉटमध्ये जाता. आमचा एक गडीसुद्धा आम्ही डावणीच्या प्लॉटमधून सरळ स्वच्छ प्लॉटमध्ये जाऊ देत नाही. बूट धुऊन आणि आधी स्वच्छ प्लॉट मग रोगाचा प्लॉट असा क्रम ठेवलात तर माणूस ओळखतो की या पोरीला काळजी आहे.

तिसरं तुम्ही स्वतःच लिहिलंय. पानं नेणारे परत येत नाहीत. आमच्याकडे पण तीन वेळा नेली. एकदा तर दोन तास सगळं विचारून घेतलं, कुठलं औषध कितव्या दिवशी, मी वहीतून वाचून दाखवलं, आणि नंतर फोनसुद्धा नाही. आम्हाला पेपर नको, सर्टिफिकेट नको. अमुक गट तुमच्या प्लॉटवर चालत नाही एवढं एक वाक्य सांगा. एका फवारणीला औषध, डिझेल, मजुरी धरून किती जातात ते तुमच्या मामांना विचारा.

आता कामाचं बोलतो. आदल्या संध्याकाळी फोन करा, कधी फवारलंय ते विचारा, नुकतं मारलेल्या प्लॉटमध्ये शिरू नका. डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवणं, चालू असेल त्या दिवशी जाऊच नका, बायका भल्या सकाळपासून कामाला असतात आणि मालकाला बोलायला वेळ नसतो. डावणी पहिली कुठे दिसते ते मालकालाच विचारा, प्रत्येकाला माहीत असतं. माझ्याकडे नाल्याच्या अंगाला शेवटच्या दोन ओळी, तिथे बाभळीची सावली नऊपर्यंत असते आणि दव लवकर सुकत नाही. आणि दुसरी जागा जिथे ट्रॅक्टर वळतो, तिथे ब्लोअरचा फवारा पानाच्या पाठीला पोचत नाही. ही दुसरी जागा तुमच्या कामाची आहे, कारण तिथली डावणी औषध न पोचल्यामुळे आलेली असू शकते. मधल्या ओळीत चांगली फवारणी होऊनही आलेला डाग वेगळा घ्या आणि वळणावरचा वेगळा. मामांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

फवारणीची वही मागून घ्या. एक्सपोर्टला नोंदवलेला प्लॉट असेल तर तारीखवार नोंद असतेच. आणि तारखेपेक्षा छाटणीनंतरचा दिवस लिहा, आम्ही सगळे त्यातच बोलतो. माझ्या प्लॉटचा आज 34 वा दिवस आहे. यायचं असेल तर या, मेसेज करा, पहाटे सहाला मी बागेतच असतो.

पंचवटी_मायक्रो:

ताई, दादा, तुमचं दोघांचं तीन वेळा वाचलं. वळणावरचा डाग आणि मधल्या ओळीतला डाग वेगळा घ्यायचा हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, सरांना दाखवलं तर ते पण म्हणाले प्रोजेक्टचा सगळा आराखडाच यावर उभा करू. दादा मी नक्की येते आणि परत पण येईन, हे मी इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

आता दोन अडचणी. एक, न फवारलेली वेल कुठे मिळेल? दुसरं, आमचा इन्क्युबेटर 37 वर असतो, बॅक्टेरियाचे सगळे वापरतात, तो मला 20 वर मिळणार नाही.

नाशिकरोड_जुनी_लॅब:

मी लॅब असिस्टंट म्हणून 31 वर्षं काढली, आता निवृत्त आहे. वेलीची चिंता सोडा. माझ्या गच्चीवर कुंडीतून वर चढवलेली थॉमसनची वेल आहे, सात वर्षांत तिला शेणखत आणि पाणी सोडून काही दिलेलं नाही. द्राक्षं आंबट येतात पण पानं भरपूर. लागतील तेवढी न्या, फक्त एकाच फांदीची सगळी ओरबाडू नका.

इन्क्युबेटर नाही मिळाला तरी अडत नाही. या दिवसांत नाशिकला खोलीत दिवसा 22-24 आणि रात्री खाली उतरतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर निफाडचा पारा किती उतरला ते दर थंडीत पेपरात येतं ते वाचत असालच, त्यामुळे उघड्या खिडकीजवळ ठेवू नका. थर्माकोलचा मोठा डबा घ्या, आत पाण्याच्या दोन बाटल्या ठेवा म्हणजे तापमान एकदम वरखाली होत नाही, आणि कमाल-किमान थर्मामीटर आत ठेवून रोज सकाळी एकाच वेळी लिहा. तापमान थोडं हललं तर चालतं पण किती हललं ते वहीत नसेल तर चालत नाही. उजेडासाठी ट्यूबलाइट आणि साधा टायमर.

पॉलिथिनची पिशवी आजपासून बंद. पानं उन्हात पिशवीत घातली की शिजतात. मिठाईचा चपटा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाला ओला टिपकागद, ओला म्हणजे पिळून काढलेला, पाणी साचता कामा नये. पानं एकावर एक नकोत. हे डबे बर्फाच्या जेलपॅकवर ठेवून न्या पण मध्ये वर्तमानपत्राची जाड घडी हवी, पान थेट गारठलं की काळं पडतं. डब्यात चिठ्ठी पेन्सिलीने लिहून टाका. शाई ओलीत पसरते. आमच्याकडे एकदा अख्ख्या दिवसाची 60 सॅम्पलं अशी बेवारस झाली होती, चिठ्ठ्यांवर नुसते निळे डाग, आणि ती आणायला दोन माणसं भर पावसात दिवसभर फिरली होती.

त्या दादांनी ओळी वेगळ्या बघायला सांगितलं ते वाचून बरं वाटलं. बोर्डो मिश्रणाची सुरुवात अशीच ओळी बघण्यातून झाली. 1882 साली फ्रान्समध्ये मेडॉक भागात मिलार्दे नावाचे प्राध्यापक बागांमधून चालले होते, डाऊनीने सगळीकडे पानगळ झालेली आणि फक्त रस्त्याकडेच्या ओळी हिरव्या. चौकशी केली तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून मालक त्या ओळींवर मोरचूद आणि चुना मारून ठेवायचे, निळसर दिसलं की कोणी हात लावत नाही. त्यावर तीन वर्षं काम करून 1885 ला त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि तोच मोरचूद-चुना आपण आजही पावसाळ्यात मारतो. तांब्याला इतक्या वर्षांनी डाऊनी सरावलेली नाही, कारण ते तिच्यात एकाच जागी काम करत नाही. तुमचं अझोक्सिस्ट्रोबीन एकाच जागी काम करतं, तिथला एक दुवा बदलला की संपलं.

पंचवटी_मायक्रो:

सतरा दिवसांनी लिहितेय, उशीर झाला पण हातात काही असल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

पिंपळगावला पहाटेच गेले, भाऊ बाइकवर घेऊन गेला. दादांच्या बागेत शिरायच्या आधी बूट धुतले तर दादांच्या आईंनी स्वतः पाण्याची बादली आणून दिली. नाल्याकडच्या ओळीत पान उलटं केलं तर पांढऱ्यावर दवाचे बारीक थेंब बसलेले होते, अकरा वाजता मी जे बघायचे ते हे नव्हतंच. तिन्ही जागांचे डबे वेगळे केले, नाला, वळण आणि मधली ओळ. मधल्या ओळीत डाग शोधायला पाऊण तास लागला, चारच सापडले. वहीतून फवारण्या उतरवून घेतल्या.

रात्रभर अंधारात ठेवून सकाळी सहाला डबा उघडला. आदल्या दिवशी धुऊन स्वच्छ केलेल्या डागांवर कापूस पसरल्यासारखं नवीन आलेलं. मधल्या ओळीच्या चारपैकी तीन पानांवर आलं, चौथा डाग मेलेला होता. स्लाइडवर एक तास दहा मिनिटांनी पहिला झूस्पोर बाहेर आला. आधी आत नुसतं वळवळतं, मग टोकाशी अडकल्यासारखा थांबतो आणि एकदम सुटतो. सरांना हाक मारली, ते उभ्याउभ्या वीस मिनिटं बघत होते, मग म्हणाले मी 19 वर्षं मायक्रोस्कोपवर आहे पण हे आज पहिल्यांदा बघितलं.

गच्चीवरच्या वेलीच्या डिस्कवर शून्यवाल्या 15 पैकी 13 वर सहाव्या दिवशी पांढरं आलं. काका, तुमची वेल खरंच स्वच्छ आहे, दोन डिस्कवर थेंब टिपायला उशीर झाला म्हणून त्या सडल्या, ती चूक माझी, वहीत लिहिलीय. औषधाची रांग परवा लावली. नाला, वळण, मधली ओळ, तिन्हींची वेगळी. पुढच्या गुरुवारी मोजायची.

दादा, गुरुवारी रात्री तुम्हाला फोन करते आणि रविवारी तिन्ही डबे घेऊन येते, तुम्ही स्वतः बघा. तेव्हा तुमच्या प्लॉटचा 61 वा दिवस असेल. आणि ज्या काकांनी मला विचारलं होतं की मागच्या पोरांचं काय झालं, त्यांना पण काल फोन केला. ते म्हणाले सोमवारी साडेसहाला ये, पण आधी खालच्या विहिरीवर बूट धू.